रोज पोहणाऱ्या मोठ्या माणसांना स्पर्धेत कसं उतरवायचं? (कोल्हापूर)

पहाटबॅच

मंडळी, नमस्कार.

आमच्या टँकवर सकाळी सहाच्या बॅचला बरीच मंडळी नेमानं येतात. शिक्षक, वकील, गुळाचे व्यापारी, एसटीतनं निवृत्त झालेले. थंडी असो की पाऊस, खाडा नाही. पहिल्या लेनला एक काका असतात, साठीपुढचे. भिंतीला हात लागला की तसेच वळतात, मध्ये थांबणं नाही, आणि हात पाण्यात जाताना आवाजसुद्धा होत नाही. परवा त्यांना मोठ्या वयाच्या लोकांच्या मास्टर्स स्पर्धेबद्दल म्हटलं, "काका, मास्टर्सला नाव देऊया का तुमचं?" तर टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाले, "या वयात मेडल घेऊन काय करू? पोरांना उतरवा."

सगळ्यांचं उत्तर थोड्याफार फरकानं हेच. पोरांच्या जिल्हा स्पर्धेला हीच माणसं कठड्याला टेकून घसा बसेपर्यंत ओरडतात. स्वतःचा विषय निघाला की चहाकडं वळतात.

मला मनापासून वाटतं की यांनी उतरावं. वर्षानुवर्षं एकाच दमात, एकाच गतीनं पोहणाऱ्या माणसानं एकदा घड्याळ लावून पन्नास मीटर मारलं की त्याला आपला टर्न कुठं अडतो ते कळतं, श्वास कुठं चुकतो ते कळतं. मग रोजच्या पोहण्यालाच नवी गोडी येते. शिवाय ऑलिंपिकला पोहलेल्या वीरधवल खाडेच्या गावात मोठ्या माणसांनी फक्त कठड्यावर उभं राहायचं, हे मला पटत नाही.

तुमच्यापैकी कुणी असा प्रयत्न केलाय का? काय केल्यावर माणसं तयार झाली?

मिसळप्रेमी_गंगावेश

पहिल्या येणाऱ्याला मिसळ, शेवटच्याला दोन. रांग लागंल बघा.

शांत_पाणी

माझं मत वेगळं आहे, स्पष्टच लिहितो. दिवसभर ऑफिसात टार्गेट असतं. मुलीच्या शाळेत टक्के, मोबाईलवर पावलं. टँकवरचा एक तास असा आहे की तिथं मला कुणी आकडा विचारत नाही. डोकं पाण्याखाली गेलं की फोनही नाही आणि साहेबही नाही. तिथं तुम्ही घड्याळ घेऊन आलात तर माझं काहीतरी हिरावून घेताय.

काकांना नको असेल तर नको असू दे. 'तयार करायचं' कशाला?

खासबाग_कट्टा

@शांत_पाणी, भावा, तुझं म्हणणं खोटं नाही. पण हे कोल्हापूर हाय. इथं पेठेची फुटबॉल टीम शाहू स्टेडियमवर उतरली की आज्जीसुद्धा स्कोअर विचारती. कुस्तीला अख्खं खासबाग मैदान भरतंय. इथल्या माणसाला स्पर्धेचं वावडं न्हाई, *एकट्यानं* उतरायचं वावडं हाय. पाटाकडील तालमीचा पोरगा मैदानात एकटा कधीच नसतोय, मागं अख्खी तालीम असती. पोहण्यात मात्र ब्लॉकवर एकटाच उभा, अंगावर चड्डी, आणि सगळं पब्लिक बघतंय. कोण धजंल?

सावली_राजारामपुरी

खासबाग_कट्टा यांनी शेवटी जे लिहिलंय तिथंच माझं म्हणणं सुरू होतं.

मी लेडीज बॅचला येते. लग्नानंतर, मुलं मोठी झाल्यावर पोहायला शिकले. आमच्यात चांगल्या पोहणाऱ्या पुष्कळ आहेत. मागं एकदा बाहेरगावच्या स्पर्धेला आम्ही दोघी गेलो होतो. बायकांच्या चेंजिंग रूमला आतून कडी नव्हती, म्हणून एकीनं दार धरून उभं राहायचं. बायकांची हीट, म्हणजे शर्यतीची फेरी, दुपारी, गर्दी सगळ्यात जास्त तेव्हा. पाण्यातनं वर येतोय तोवर काठावर चारपाच मोबाईल. आम्ही केस पुसेपर्यंत आमचे फोटो कुठल्या तरी ग्रुपवर. माझ्या मैत्रिणीनं त्यानंतर कधी नाव दिलं नाही. तिचं टायमिंग चांगलं होतं हो.

तर पहाटबॅच दादा, 'कसं उतरवायचं' याचं आमच्यापुरतं उत्तर सोपं आहे. बायकांच्या हीट सकाळी सगळ्यात आधी. काठावर मोबाईल बंद, फोटो काढायचा असेल तर विचारून आणि बक्षीस घेताना. टायमिंगला, शिट्टीला बायका. आणि दाराला कडी. एवढं करा, मग आम्हाला आग्रह करावा लागणार नाही.

पहाटबॅच

सावलीताई, एकही मागणी जादा नाही. लिहून ठेवलं.

पंचगंगा_घाट

मी घाटावर पवायला शिकलो. थोरल्या भावानं पाठीला डबा बांधला आन् दिलं ढकलून. तेव्हा कोच न्हाई, गॉगल न्हाई. आमचं पवणं म्हंजी मान वर, हात पसरून, दम लागला की उताणं. पावसाळ्यात शिवाजी पुलावरनं उड्या मारणारी पोरं बघितल्यात, आमच्यातलीच हुती. पण तुमच्या त्या स्पर्धेत काय ते फ्री का बटरफ्लाय असतंय, ते आमाला कुठलं जमतंय. टँकवरची बारकी पोरं सुद्धा मला म्हणत्यात, "आजोबा, तुमची स्टाईल चुकीची हाय." म्हणून मी नाव देत न्हाई. नाद सगळा हाय, स्टाईल न्हाई.

शिट्टी_आणि_घड्याळ

@पंचगंगा_घाट, तात्या, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी टँकवर शिकवतो आणि स्पर्धांना पंच म्हणूनही बसतो, म्हणून नियमाचं लिहितो.

फ्रीस्टाईलच्या शर्यतीत *कुठलीही* स्टाईल चालते. मान वर ठेवून पोहा, उताणं पोहा, मध्येच बदला. प्रत्येक फेरीला आणि शेवटी भिंतीला अंगाचा कुठला तरी भाग लागला पाहिजे. सुरुवातीचे आणि टर्ननंतरचे पंधरा मीटर सोडले तर अंगाचा काही भाग पाण्याच्या वर दिसला पाहिजे. दम लागला तर फ्रीस्टाईलमध्ये तळाला पाय टेकून उभं राहिलात तरी बाद होत नाही. फक्त चालत पुढं जायचं नाही आणि लेनची दोरी धरून ओढायचं नाही. तुमची घाटावरची स्टाईल नियमात बसते. पोरांना हा प्रतिसाद दाखवा.

बाकीच्यांसाठी मास्टर्सचं थोडं सांगतो, कारण या अज्ञानापायीच निम्मी माणसं मागं राहतात.

वय २५ पासून पुढं, पाच-पाच वर्षांचे गट. २५ ते २९, ३० ते ३४, असं पुढं नव्वदीपर्यंत आणि त्यापलीकडंही. वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला जेवढं भरतं तेवढं धरतात. म्हणजे पन्नाशी गाठणारा माणूस वर्षाच्या सुरुवातीलाच नव्या गटात सगळ्यात तरुण म्हणून जातो. साठीचा माणूस विशीच्या पोराविरुद्ध उभा राहणार, ही भीतीच चुकीची आहे.

सूर मारता येत नाही? मास्टर्सच्या नियमात ब्लॉकवरनं, काठावरनं किंवा पाण्यातच भिंत धरून सुरुवात करता येते. बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते. गुडघे-कमरेची तक्रार असणाऱ्यांना पाण्यातनं सुरुवात फार उपयोगी पडते. तुम्ही दिलेल्या टायमिंगवरनं हीट लावतात, म्हणजे शेजारच्या लेनमधला माणूस साधारण तुमच्याच वेगाचा असतो. निकाल मात्र वयोगटानुसार.

पंचगंगा_घाट

पाय टेकला तरी चालतंय?? हे कुणी आधी सांगितलं न्हाई मर्दा.

रंकाळा_फेरी

धागा आवडला. मी पोहत नाही, चालतो. पण एक माहिती. जपानच्या मिएको नागाओका यांनी २०१५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, १५०० मीटर फ्रीस्टाईल पूर्ण केलं. २५ मीटरच्या टँकमध्ये, सव्वा तासाहून थोडा जास्त वेळ घेऊन. त्यांनी पोहायला सुरुवातच ऐंशी ओलांडल्यावर केली होती, गुडघा दुखायचा म्हणून.

आणि एवढं लांब कशाला, आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले, आणि १९७२ साली हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण. मूळचे बॉक्सर होते ते.

उसाचा_रस

पेटकरांना पद्मश्री २०१८ ला मिळाली. किती उशीर. असो, अवांतर होतंय.

वीरधवलचं पण सांगायला पाहिजे. १६ व्या वर्षी बीजिंग ऑलिंपिक, २०१० ला ग्वांगझूच्या एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण मला त्याची पुढची गोष्ट जास्त आवडते. तहसीलदारीत इतकी वर्षं गेल्यावर परत पाण्यात उतरला. २०१८ च्या जकार्ता एशियाडला ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये चौथा आला, कांस्य एक शतांश सेकंदानं गेलं. आणि तरीही पोहत राहिला. २०२३ ला गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटरचं सुवर्ण घेतलं आणि मग थांबला. त्याच स्पर्धेत बायकांच्या ५० मीटरचं सुवर्ण त्याच्या पत्नीला, ऋजुता खाडेंना. नोकरी, संसार सांभाळून. आपल्या बॅचच्या लोकांना २००८ चा वीरधवल सांगू नका, २०२३ चा सांगा.

खासबाग_कट्टा

नाद खुळा लिहिलंस उसाचा_रस.

टायरट्यूब

मला वाटतं आधी मजेमजेचं काहीतरी ठेवावं. पाण्यात टाकलेली नाणी गोळा करायची, किंवा एका दमात पाण्याखालनं कोण लांब जातंय ते बघायचं. हसतखेळत लोक येतील.

डॉक्टर_शाहूपुरी

नाणी चालतील, कमरेएवढ्या पाण्यात. एका दमात पाण्याखालनं जाण्याची स्पर्धा मात्र कृपा करून कुणीही ठेवू नका.

कारण समजून घ्या. पैज म्हटली की माणूस आधी जोरजोरात चारपाच श्वास घेतो. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. 'आता श्वास घे' असा इशारा शरीराला मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळं मिळतो. तो इशारा उशिरा येतो, तोवर ऑक्सिजन संपलेला असतो आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होतो. धडपड नाही, हाक नाही. काठावरच्यांना वाटतं अजून पोहतोय. पट्टीचे पोहणारे असे गेलेत.

आता मूळ विषय. मी स्वतः चाळीशीनंतरच्या लोकांनी उतरावं याच मताचा आहे. पण रोज आरामात तास-तास पोहणं वेगळं आणि पन्नास मीटर जीव तोडून मारणं वेगळं. हृदयावरचा ताण एकदम चढतो. म्हणून आधी तपासणी: रक्तदाब, साखर, ईसीजी, आणि घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी फारशी चढतच नाही. अशांनी घड्याळातली नाडी बघून 'अजून दम आहे' असं ठरवू नये. नाव दिल्यावर निदान दोन महिने आधीपासून आठवड्यातनं दोनदा छोटे वेगाचे तुकडे, १५-२० मीटरचे, मध्ये पूर्ण विश्रांती. आणि शर्यतीआधी अंग गरम केल्याशिवाय सूर नाही. छातीत जड वाटलं तर तिथंच थांबायचं, मागं अख्खी पेठ ओरडत असली तरी.

टायरट्यूब

डॉक्टरसाहेब, हे माहीत नव्हतं. आमची पोरं रोज हेच करतात. आज संध्याकाळीच सांगतो त्यांना.

घाटउतार

मी टँकपेक्षा उघड्या पाण्यातला. मालवणला चिवला बीचवर हिवाळ्यात समुद्री जलतरण स्पर्धा होते, तिथं मोठ्यांचेही वयोगट असतात, छोटी अंतरंही असतात. राधानगरी-दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा, आदल्या रात्री मालवणात मुक्काम. माझ्या अनुभवात मोठी माणसं टँकच्या स्पर्धेपेक्षा समुद्राला लवकर तयार होतात. तिथं लेन नाही, कोण कितवा ते काठावरनं धड कळत नाही, खाऱ्या पाण्यात अंग जरा वर राहतं, आणि पूर्ण केलं की झालं. बायकामुलं पण सहलीला म्हणून येतात. टँकवर पन्नास मीटरला 'नको' म्हणणारे समुद्रात किलोमीटर मारून आलेले मी बघितलेत.

फक्त एक करा. टँकमध्ये तळाची काळी रेघ बघून पोहायची सवय असते. समुद्रात रेघ नसते, त्यामुळं माणूस तिरका जातो. दर आठ-दहा हातांनी डोळे वर काढून बोय (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) बघायचा सराव टँकवरच करून जा.

भवानी_मंडप

मग आपल्या पंचगंगेतच ठेवूया की! पेठांची स्पर्धा, घाट ते पूल.

पंचगंगा_घाट

न्हाई. मी नदीचाच माणूस हाय, म्हणून सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे आपल्या बारक्या पोराला पण म्हाईत हाय. त्या पाण्यात हौस करायची न्हाई. आन् उन्हाळ्यात पाणी कमी असतंय तवा ते कसलं असतंय ते तुमीच घाटावर जाऊन बघा. नदी आदी स्वच्छ करूया, मग मी सगळ्यांच्या पुढं उडी टाकतो.

हळूहळू_४५

पहिल्यांदाच लिहितेय. मला २५ मीटर जमतात, मग भिंत धरून थांबावं लागतं. वेग विचारू नका. माझ्यासारखीनं नाव द्यावं का, की लोकांचा खोळंबा होईल?

शिट्टी_आणि_घड्याळ

ताई, द्या. टायमिंग खरं लिहा, म्हणजे तुमच्या वेगाच्या हीटमध्ये याल. आणि खोळंब्याचं म्हणाल तर, आम्ही काठावर बसलेलो असतो ते पोहणाऱ्यासाठीच. आपल्या आपल्यात घ्यायच्या स्पर्धेत २५ मीटरची शर्यत ठेवायला कुणाची ना नाही. पहिली पायरी तिथंच असावी असं माझं मत आहे.

आता खासबाग_कट्टा जे म्हणाले, की एकट्यानं उतरायचं वावडं आहे, त्यावर माझ्याकडं एक तोडगा आहे. रिले.

मास्टर्सच्या रिलेत चौघांच्या वयाची *बेरीज* करून गट ठरतो. १०० ते ११९, १२० ते १५९, १६० ते १९९, २०० ते २३९, असे पुढं चाळीस-चाळीसचे. समजा तुमच्या टीममध्ये ६४, ५८, ४३ आणि ३६ वयाची माणसं आहेत. बेरीज २०१. तुम्ही दोनशेच्या गटात. आता ६४ वाल्या काकांच्या जागी चाळिशीचा गडी घातला तर बेरीज १७७, म्हणजे तरुण, वेगवान टीमांच्या गटात जाऊन पडलात. म्हणून जाणती टीम वयस्कर पोहणारा शोधत फिरते. आणि मिश्र रिलेला दोन पुरुष, दोन बायका लागतातच. लेडीज बॅचला 'तुम्ही पण या' म्हणणं वेगळं, आणि 'तुमच्याशिवाय आमची टीमच होत नाही' म्हणणं वेगळं.

खासबाग_कट्टा

हे! हेच पाहिजे होतं. पेठवार मिश्र रिले. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, शाहूपुरी, राजारामपुरी, कसबा बावडा. आता बघा कोण घरी बसतंय.

सावली_राजारामपुरी

राजारामपुरीची टीम जवळजवळ तयार आहे. कडीचं विसरू नका.

पहाटबॅच

आज सकाळी पहिल्या लेनमधल्या काकांना हा बेरजेचा हिशोब सांगितला. मेडलचं नावही काढलं नाही. म्हटलं, "काका, तुमच्या वयाशिवाय आमची बेरीज दोनशेच्या पुढं जात नाही." थोडा वेळ गॉगलचा पट्टा सारखा करत बसले आणि विचारलं, "बाकीचे तिघं कोण?"

एवढ्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा प्रश्न विचारला. अजून हो म्हणालेले नाहीत, पण मी बाकीचे तिघं शोधायला लागलोय.

@शांत_पाणी, तुमचा प्रतिसाद डोक्यातनं गेलेला नाही. ज्यांना नको त्यांच्या लेनमध्ये कुणी घड्याळ घेऊन जाणार नाही. सरावासाठी एक लेन वेगळी मागून घेऊ, रोजची बॅच आहे तशीच राहील.

शांत_पाणी

धन्यवाद, ते महत्त्वाचं होतं. मी उतरणार नाही, माझं मत बदललेलं नाही. पण सावलीताईंचा आणि हळूहळू_४५ यांचा प्रतिसाद वाचला. ज्यांना उतरायचंय त्यांना नीट उतरता यावं, हे मलाही वाटतं. स्पर्धेच्या दिवशी काठावर काही काम असेल तर सांगा, रविवार मोकळा असतो.

शिट्टी_आणि_घड्याळ

काम आहे, आणि भरपूर. हातातल्या घड्याळानं टायमिंग घ्यायचं तर एका लेनला तिघं लागतात. तिघांचे आकडे वेगळे आले तर मधला धरतात. सहा लेन म्हणजे अठरा माणसं, बदली वेगळी. घड्याळ वापरायला मी शिकवतो. शांत डोक्याचा माणूस या कामाला सगळ्यात चांगला. लेडीज हीटसाठी अठरा बायका हव्यात, सावलीताई, घरच्या बहिणी-नणंदा विचारा. पोहता यायला पाहिजे असं नाही.

हळूहळू_४५

अजून एक विचारू का? मला गुडघ्याखालपर्यंतचा, बाह्यांचा पोहायचा ड्रेस लागतो. त्यात चालेल का?

शिट्टी_आणि_घड्याळ

अधिकृत टँकच्या स्पर्धेत नाही चालत. तिथं बायकांचा पोशाख गुडघ्याखाली आणि खांद्याच्या पुढं न जाणारा असाच लागतो. उघड्या पाण्यात घोट्यापर्यंतचा चालतो, बाह्या तिथंही नाहीत. पण आपल्या पेठांच्या स्पर्धेचे नियम आपण लिहिणार आहोत. पोहण्याच्याच कापडाचा असेल तर पूर्ण बाह्यांचा चालेल, हे पहिल्याच ओळीत लिहू.

डॉक्टर_शाहूपुरी

आणि दुसऱ्या ओळीत तपासणीचा कागद.

हळूहळू_४५

मग माझं नाव घ्या. कसबा बावडा. फ्रीस्टाईल, पाण्यातनं सुरुवात.

खासबाग_कट्टा

बावड्याला एक मिळाली. मंगळवार पेठेकडं फ्रीला गर्दी हाय, पण मेडले रिलेला (चौघांच्या चार वेगळ्या स्टाईल) पहिला बॅकस्ट्रोक, म्हंजी उताणं पोहणारा, लागतोय आणि आमच्यात बॅकवाला एक पण न्हाई. कुणाच्या वळखीत असंल तर इथंच कळवा, वय जास्त असंल तर आणखी चांगलं.